मंगलाष्टकातली अनुष्का आणि पिंगळाचं गणित

निखिलच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या, लग्नाला चार दिवस राहिले होते आणि रात्री साडेदहाला काकूचा फोन. तिनं सुनेसाठी स्वतः मंगलाष्टक रचलेलं, पण म्हणायला गेली की दर वेळी गाडी एकाच जागी अडखळत होती. तिची पहिली ओळ अशी: ‘आमच्या घरची सून लाडकी अनुष्का आली हो आनंदाने’. "तू गणितवाला ना, बघ रे जरा काय चुकतंय." आता मंगलाष्टक दुरुस्त करायला गणितवाल्याला कोण बोलावतं? मी पण हसलो. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की काकूनं नकळत अगदी बरोबर माणसाला फोन लावला होता, कारण तिच्या ओळीत चूक भावनेची नव्हती, मोजणीची होती.

आपल्याकडे दहावीनंतर माणसांची वाटणी होते ना, आर्ट्सवाले एकीकडे, सायन्सवाले दुसरीकडे, आणि मग आयुष्यभर ‘मला बाबा गणित जमत नाही, मी कवितेतला’ किंवा याच्या बरोबर उलटं. ही वाटणी अगदी अलीकडची आहे. वृत्तात लिहिणाऱ्या माणसाला मोजल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. ‘गण’ आणि ‘गणित’ हे दोन्ही शब्द एकाच धातूतून आलेत, मोजणे या अर्थाच्या. कवींनी गणित ‘वापरलं’ असं नाही, कवितेच्या धंद्यातच मोजायची वेळ आली आणि मोजता मोजता अस्सल गणित हाताला लागलं, असं माझं म्हणणं आहे. कसं ते सांगतो, पण त्याआधी दोन मिनिटं शाळेत जाऊन यावं लागेल.

अक्षरं दोन जातीची, लघु आणि गुरु. अ, इ, उ असे ऱ्हस्व स्वर असलेलं अक्षर लघु, म्हणायला एक मात्रा. दीर्घ स्वर असेल, अनुस्वार असेल किंवा पुढे जोडाक्षर येऊन जोर पडत असेल तर गुरु, दोन मात्रा. (मराठीत जोर न देणारी जोडाक्षरं पण असतात, ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघुच राहतो, संस्कृतचा नियम डोळे मिटून लावला की फसगत होते.) आणि बोलताना आपण ‘निखिल्’ म्हणतो, पण वृत्तात शेवटचा ‘ल’ पूर्ण मोजायचा. मराठी गझल लिहिणारी मंडळी लघुला ‘ल’ आणि गुरुला ‘गा’ म्हणतात आणि ओळीची लगावली काढतात, तीच पद्धत आपण इथे वापरू, सोपी आहे.

लग्नात भटजी म्हणतात ते ‘स्वस्ति श्री गणनायकं गजमुखं मोरेश्वरं सिद्धिदम्’ घ्या. लगावली: गागागा ललगा लगाल ललगा, मग बाराव्या अक्षरावर किंचित थांबा, त्याला यति म्हणतात, आणि पुढे गागाल गागाल गा. एकोणीस अक्षरं. हे शार्दूलविक्रीडित. वाघाची क्रीडा असा त्या नावाचा अर्थ, आणि वऱ्हाडी जेवणासाठी ताटकळलेले असताना म्हटलं जाणारं वृत्त वाघाच्या नावाचं असावं हे मला फार योग्य वाटतं. काकूची ओळ मोजली तर एकवीस अक्षरं निघाली, आणि लघुगुरूंचा तर काही मेळच नाही.

एकोणीस अक्षरांची लगावली लक्षात कशी ठेवायची? तीनतीन अक्षरांचे गट पाडायचे. प्रत्येक जागी ल किंवा गा असे दोनच पर्याय, म्हणून तीन अक्षरांचे २ × २ × २ = ८ गट होतात, हेच आठ गण: य, म, त, र, ज, भ, न, स. म्हणजे शार्दूलविक्रीडित झालं म-स-ज-स-त-त-ग. आता कुठल्या गणात काय हे लक्षात ठेवायला एक ओळ शाळेत घोकून घेतात, ‘यमाताराजभानसलगा’. आमच्या वर्गात ती ओळ पहिल्यांदा ऐकून अर्धा वर्ग फिदीफिदी हसला होता. पण ती ओळ म्हणजे चीज आहे! ‘य’ गण कसा? ‘य’पासून तीन अक्षरं उचला, यमाता, लगागा. ‘म’ गण? मातारा, गागागा. ‘र’? राजभा, गालगा. ‘स’? सलगा, ललगा. म्हणजे प्रत्येक गणाच्या नावापासून सुरू करून तीन अक्षरं वाचली की तो गण स्वतःच स्वतःचं उदाहरण देतो.

इथे जरा थांबा, कारण गंमत अजून पुढे आहे. आठ गण, प्रत्येकी तीन अक्षरं, सरळ लिहिले तर चोवीस अक्षरं लागतील. या ओळीत दहा आहेत. दहापेक्षा कमीत होणारच नाही, कारण आठ वेगळ्या सुरुवाती हव्यात आणि शेवटच्या सुरुवातीनंतर दोन अक्षरं लागणारच. म्हणजे ही ओळ नुसती युक्ती नाही, यापेक्षा आखूड ओळ शक्यच नाही. पुढे, शेवटची ‘लगा’ ही दोन अक्षरं सुरुवातीच्या ‘यमा’सारखीच आहेत, लघु-गुरु. ती काढून टाका आणि उरलेली आठ अक्षरं गोल मांडा, बांगडीच्या मण्यांसारखी. आता कुठूनही तीन मणी मोजा, प्रत्येक वेळी नवा गण येतो, एकही राहत नाही आणि एकही दोनदा येत नाही.

अशा माळेला गणितात डी ब्रॉइन सीक्वेन्स म्हणतात, डच गणितज्ञ निकोलास डी ब्रॉइन यांनी १९४६ मध्ये त्यावर पेपर लिहिला म्हणून. काम काय तिचं? चार आकडी पिनचं कुलूप समजा, ज्याला एंटर दाबावं लागत नाही, शेवटची चार बटणं बरोबर आली की ते उघडतं. दहा हजार पिन एकेक करून दाबल्या तर चाळीस हजार वेळा बोट लावावं लागेल, पण आकडे यमाताराज पद्धतीनं एकमेकांत गुंफले तर १०,००३ वेळा पुरतं. जीनोम वाचताना डीएनएचे बारके बारके तुकडे जोडायचे असतात, तिथेही याच कल्पनेच्या नात्यातला ग्राफ वापरतात. ज्या कुणी ही ओळ रचली त्याला कुलूप फोडायचं नव्हतं हो, पोरांचं पाठांतर सोपं करायचं होतं.

बरं, आता पिंगळाकडे. छंदःशास्त्र लिहिणारा हा माणूस साधारण इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला धरतात. त्याची सूत्रं इतकी त्रोटक आहेत की टेलिग्राम बरा, पण त्याच्यानंतर हजार-बाराशे वर्षांनी, दहाव्या शतकात, हलायुध नावाच्या टीकाकारानं ती उलगडून सांगितली म्हणून आपल्याला कळतात. पिंगळाला पडलेले प्रश्न बघा: अमुक अक्षरांच्या ओळीची एकूण किती वृत्तं होऊ शकतात? ती सगळी एकही न सुटता यादीत कशी मांडायची? यादीतलं पाचशेवं वृत्त कुठलं, हे सगळी यादी न लिहिता सांगता येईल का? आणि एखादं वृत्त दिलं तर त्याचा नंबर कितवा? यादीला म्हणतात प्रस्तार, नंबरावरून वृत्त काढणं म्हणजे नष्ट, वृत्तावरून नंबर काढणं म्हणजे उद्दिष्ट. नावं जड आहेत, पण प्रश्न एकदम आजच्या प्रोग्रॅमरचे आहेत.

नष्ट करून दाखवतो, कारण हे स्वतः केल्याशिवाय मजा कळत नाही. नियम असा की संख्या सम असेल तर ‘ल’ लिहा आणि निम्मी करा, विषम असेल तर ‘गा’ लिहा, एक मिळवा आणि निम्मी करा. बस. बारा अक्षरांच्या प्रस्तारातला ५८६ वा नमुना काढू. ५८६ सम, ल, निम्मे २९३. विषम, गा, एक मिळवून निम्मे १४७. विषम, गा, ७४. सम, ल, ३७. गा, १९. गा, १०. ल, ५. गा, ३. गा, २. ल, १. गा, १. गा. बारा झाली, थांबा. काय आलं? लगागा लगागा लगागा लगागा. आता मनातल्या मनात म्हणा, ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’. हेच ते! भुजंगप्रयात, समर्थांचे मनाचे श्लोक. मी पहिल्यांदा वहीच्या मागच्या पानावर हे केलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता, निम्मे-निम्मे करत गेलो आणि आजीच्या देवघरातला आवाज बाहेर आला.

उलटं पण करता येतं. केदारभट्टाच्या वृत्तरत्नाकरात त्याची सोपी रीत आहे: अक्षरांवर डावीकडून १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे आकडे लिहा, फक्त लघुंवरचे आकडे जमवा, त्यात एक मिळवा. भुजंगप्रयातात लघु येतात पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या जागी, म्हणजे १ + ८ + ६४ + ५१२ = ५८५, अधिक एक, ५८६. ज्यांनी कॉलेजात बायनरी केलंय त्यांना आतापर्यंत वास आला असेल. हो, तेच आहे, शून्य आणि एकच्या ऐवजी गा आणि ल. पण म्हणून ‘कॉम्प्युटर आपल्या ऋषीमुनींनी शोधला’ असले फॉरवर्ड कृपया पाठवू नका. पिंगळ बायनरीत बेरीज-गुणाकार करत नव्हता, त्याला वृत्तांची रजिस्टर बनवायची होती. जे त्यानं खरोखर केलं तेच एवढं भारी आहे की फुगवून सांगायची गरज नाही.

एकूण वृत्तं किती याचं उत्तर सोपं, दर अक्षराला दुप्पट. बारा अक्षरांची ४,०९६. एकोणीस अक्षरांची ५,२४,२८८. पण दोनला एकोणीस वेळा गुणत बसायचं का? पिंगळ म्हणतो नाही. एकोणीस विषम, एक वजा करा आणि बाजूला ‘शून्य’ अशी खूण करा; अठरा सम, निम्मे करा आणि ‘दोन’ अशी खूण करा; असं करत करत शून्यावर या. मग खुणा खालून वर वाचत एकापासून सुरुवात करा, शून्य दिसलं की दुप्पट, दोन दिसलं की वर्ग: १, २, ४, १६, २५६, ५१२, २,६२,१४४, ५,२४,२८८. सात पायऱ्यांत काम फत्ते. आज इंटरनेटवरच्या सुरक्षेसाठी जे एन्क्रिप्शन वापरतात त्यात प्रचंड मोठे घात काढायला हीच वर्ग-आणि-गुणाकाराची युक्ती चालते. तिथे आकडे शेकडो अंकी असतात, पिंगळाकडे कवींची एक ओळ होती.

सव्वापाच लाख शक्यता आणि त्यातून कवींनी शतकानुशतकं ज्यांना जवळ केलं अशी एकोणीस अक्षरी वृत्तं किती, तर बोटांवर मोजण्याइतकी. गणित सगळ्या शक्यता मांडून देतं, पण त्यातली कुठली चाल वाघासारखी वाटते आणि कुठली मंदाक्रांता या संथ वृत्तासारखी रेंगाळते हे कानाला विचारावं लागतं. हे काम प्रस्तारातून होत नाही आणि होणारही नाही असं माझं मत. वाटल्यास वाद घाला.

मेरुप्रस्तार मी भरभर सांगतो कारण तो पुष्कळांना दुसऱ्या नावानं माहीत आहे. बारा अक्षरांत बरोबर चार लघु असलेली वृत्तं किती? हलायुधानं डोंगरासारख्या चौकटी रचायला सांगितल्या, वर एक घर, खाली दोन, मग तीन, कडेला सगळीकडे १ आणि मधल्या घरात वरच्या दोन घरांची बेरीज. वरून तेराव्या ओळीत उत्तर सापडतं, ४९५, भुजंगप्रयात त्यातलंच एक. शाळेत हाच पास्कलचा त्रिकोण म्हणून येतो, पास्कल सतराव्या शतकातला. चीन आणि इराणमध्येही तो पास्कलच्या कितीतरी आधी माहीत होता, तेव्हा एकट्या आपल्याच मालकीचा म्हणून मिरवायलाही नको.

आतापर्यंत अक्षरं मोजली. पण सगळ्या कविता अक्षरांवर चालत नाहीत, काही मात्रांवर चालतात, म्हणजे ओळीला वेळ ठरलेला, अक्षरं कितीही असोत. हे सगळ्यांना माहीत आहे: ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची’. ही ओळ ज्या आर्येचं कौतुक करते तिच्यातच ती लिहिली आहे. मोजून बघा, बारा मात्रा, मग अठरा, परत बारा, परत अठरा. (शास्त्राप्रमाणे याला गीती म्हणायचं, खरी संस्कृत आर्या १२-१८-१२-१५ ची, पण मराठीत मोरोपंतांमुळे गीतीलाच आर्या म्हणायची पद्धत पडली.)

आता प्रश्न बदलतो. लघु म्हणजे एक मात्रा, गुरु म्हणजे दोन, तर चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? लललल, ललगा, लगाल, गालल, गागा. पाच. तीन मात्रा? ललल, लगा, गाल, तीन. दोन मात्रा? लल, गा, दोन. एक मात्रा? एकच. १, २, ३, ५... पुढे आठ येणार हे तुम्ही ओळखलं असेलच. पण का येतं ते महत्त्वाचं. पाच मात्रांच्या कुठल्याही ओळीचं शेवटचं अक्षर बघा. ते लघु असेल तर आधी चार मात्रा आहेत, त्या पाच प्रकारे भरता येतात. ते गुरु असेल तर आधी तीन मात्रा, त्या तीन प्रकारे. पाच आणि तीन आठ. प्रत्येक वेळी हेच, मागच्या दोहोंची बेरीज. सहा मात्रांचे तेरा, सातचे एकवीस, आठचे चौतीस, आणि सोळा मात्रांपर्यंत गेलं की १,५९७.

जगात हे आकडे फिबोनाचीच्या नावानं ओळखतात. इटलीतल्या पिसाचा हा व्यापाऱ्याचा मुलगा, त्यानं १२०२ च्या पुस्तकात सशांच्या जोड्यांचं कोडं घालून ते दिले. पण ससे मरत नाहीत, बरोबर महिन्याला जोडीच घालतात वगैरे अटी म्हणजे ओढूनताणून केलेलं कोडंच. कवितेत कसलीही ओढाताण नाही, लघु एक गुरु दोन, नियम निमूटपणे तिथून निघतो. हेमचंद्र या जैन आचार्यांनी गुजरातेत ११५० च्या आसपास छंदोनुशासनात हा नियम स्वच्छ सांगितला आहे. त्यांच्याही कितीतरी आधी विरहांकानं, सहाव्या ते आठव्या शतकाच्या दरम्यान कधीतरी, प्राकृतातल्या वृत्तजातिसमुच्चयात तो दिला होता. हे दोन्ही ग्रंथ संपादन करून आपल्यापुढे आणले मुंबईत संस्कृत शिकवणाऱ्या ह. दा. वेलणकरांनी. त्यांचं नाव आज गणितवाल्यांनाही माहीत नाही आणि कवितावाल्यांनाही नाही, याचं वाईट वाटतं.

फिबोनाची म्हटलं की लगेच गोल्डन रेशो, म्हणजे सौंदर्याचं मानलं जाणारं गुणोत्तर, येतो, आणि मग मोनालिसाच्या चेहऱ्यावर चौकटी आखलेले फोटो. माझं म्हणणं, त्यातलं बरंचसं आधी ठरवून मग मोजलेलं असतं, रेघ जिथे हवी तिथे सरकवली की कुठल्याही चेहऱ्यात काहीही सापडतं. कलेत गणित बघायचंच तर आपल्या अंगणात बघावं. ‘१५ ते ८ ठिपके’ असं रांगोळीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं ना, मध्ये पंधरा ठिपक्यांची ओळ, मग वर आणि खाली चौदा, तेरा असं उतरत आठपर्यंत, प्रत्येक ठिपका मागच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. होतो षटकोन, प्रत्येक बाजूला आठ ठिपके. एकूण किती? १५ अधिक दोनदा (१४ + १३ + ... + ८), म्हणजे १५ + १५४ = १६९. आता आठचा घन ५१२, सातचा घन ३४३, वजाबाकी १६९! हा योगायोग नाही. आठ बाय आठ बाय आठ गोट्यांचा ठोकळा मनात आणा, त्याच्या एका कोपऱ्याला लागून असलेल्या तीन बाजूंचा एक थर सोलून काढा, आत सातचा ठोकळा उरतो. आणि तो सोललेला थर कोपऱ्याकडून बघितला की डोळ्यांना षटकोनच दिसतो. माझी आई हे घन वगैरे काही न काढता दर दिवाळीत दारात ठोकळ्याची साल मांडत आलीये.

गाणं तर विचारूच नका. तीनताल सोळा मात्रांचा, पहिली मात्रा म्हणजे सम. समेवरून सुरू करून पुढच्या समेवर संपणारी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, हवी असेल तर सतरा मात्रा हव्यात, तीन तुकडे आणि मध्ये दोन विश्रांती. ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा तुकडा, मध्ये एकेक मात्रा मोकळी: ५ + १ + ५ + १ + ५ = १७, शेवटचा धा बरोब्बर समेवर. तबलजी हे समीकरण बोटावर सोडवतो. २०१४ साली गणितातलं मानाचं फील्ड्स मेडल मिळालेले गणितज्ञ मंजुल भार्गव स्वतः तबला वाजवतात, आजोबांकडे संस्कृत शिकले, आणि ही हेमचंद्राची मात्रांची गोष्ट ते व्याख्यानांत आवडीनं सांगतात.

अभंगाची गंमत वेगळीच. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’, सहा, सहा, सहा, चार. फक्त अक्षरं मोजायची, लघुगुरूची भानगडच नाही, कारण म्हणताना प्रत्येक अक्षर ओढून सारखंच लांब करायचं असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याला यमक, विटेवरी-कटावरी, आणि चौथा तुकडा मुद्दाम तोकडा, तिथे टाळ वाजतो. शार्दूलविक्रीडित जमवायला पंडित लागतो, अभंग बोटं असलेल्या कुणालाही जमवता येतो. तुकोबांच्या आधी आणि नंतर कितीतरी जातीजमातींतल्या संतांनी हाच साचा का धरला, याचं एक कारण मला या सोप्या मोजणीत दिसतं. माधव ज्यूलियन यांनी ‘छंदोरचना’त मराठी पद्याची छंद, जाति, वृत्त अशी विभागणी नीट लावून दिली, अक्षर मोजायचं, मात्रा मोजायची की क्रमही धरायचा, एवढाच काय तो फरक.

इथपर्यंत कवितेला गणित लागलं. उलटंही घडलं, गणिताला कविता लागली. जुनं गणित श्लोकांत आहे, कारण कागद नव्हता आणि पाठ करायचं होतं. पण ‘एक’ आणि ‘दोन’ हे शब्द प्रत्येक वृत्तात बसतील थोडेच? मग आकड्यांना पर्यायी नावं दिली. एक म्हणजे चंद्र, दोन म्हणजे डोळे किंवा बाहू, तीन म्हणजे अग्नी, चार म्हणजे वेद, आठ म्हणजे हत्ती. चंद्र बसत नसेल तर शशी घ्या, इंदू घ्या, लगावलीला हवा तो. केरळच्या माधव या गणितज्ञाची ओळ आहे, ‘विबुधनेत्रगजाहिहुताशन त्रिगुणवेदभवारणबाहवः’. देव (३३), डोळे (२), हत्ती (८), साप (८), अग्नी (३), तीन, गुण (३), वेद (४), नक्षत्रं (२७), हत्ती (८), बाहू (२). उजवीकडून डावीकडे आकडे लिहा: २८२७४३३३८८२३३. ९ वर अकरा शून्यं एवढा व्यास असेल तर परीघ एवढा, असं तो सांगतो. भागाकार केला की ३.१४१५९२६५३५९२ येतं. पायचे दशांशातले पहिले दहा अंक तंतोतंत! चौदाव्या-पंधराव्या शतकातला हा माणूस. आणि ओळ शुद्ध द्रुतविलंबितात आहे, न-भ-भ-र, दोन्ही चरणांत बारा-बारा अक्षरं, मी दोनदा मोजली. पाय चुकू नये म्हणून वृत्त पहारा देतं, एक आकडा बदला, ओळ लंगडते आणि म्हणणाऱ्याला लगेच कळतं.

भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची, म्हणजे हेमचंद्रांच्या आगेमागेच. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चंगदेवाचा, शिलालेख आहे. लीलावतीत भास्कराचार्य मित्राला विचारतात, गायत्री छंदाच्या एका पादाचे, म्हणजे चरणाचे, प्रकार किती, एक गुरु असलेले किती, दोन असलेले किती, सगळं वेगवेगळं सांग. सहा अक्षरांचा पाद म्हणून चौसष्ट. चोवीस अक्षरांच्या अख्ख्या गायत्रीचे १,६७,७७,२१६. आणि तीच रीत लावून गोड-आंबट-तिखट असे सहा रस वेगवेगळे मिसळून किती चवी होतात हेही विचारतात, त्रेसष्ट. वृत्त, स्वयंपाक, सगळं एकाच धड्यात.

असो, काकू वाट बघत होती. शार्दूलविक्रीडितात अनुष्का बसवायची. अ-नु-ष्का, लगागा, य गण. एकोणीस जागांवर सरकवून बघितलं, लगागा फक्त दोनच ठिकाणी सापडतं, अकराव्या जागेपासून आणि पंधराव्या जागेपासून. अकरावी बाद, कारण बाराव्यावर यति, नाव मधूनच तुटेल, ‘अनु’ म्हणून श्वास घ्यायचा आणि मग ‘ष्का’, नवरी काय म्हणेल! उरली पंधरावी. आणि निखिल? ललल. सलग तीन लघु या वृत्तात एकदाच येतात, नवव्या जागेपासून. म्हणजे दोघांनाही एकेकच खुर्ची, दुसरा पर्यायच नाही. अर्ध्या तासानं मी काकूला ओळ पाठवली:

पाहोनी हरखे मनी निखिल हा, आली अनुष्का घरी

तिनं फोनवरच चालीत म्हणून बघितली, कुठेही अडखळली नाही. "अय्या, बसलं की! पण हे शेवटचं ओळखीचं का वाटतंय?" कारण ‘आली अनुष्का घरी’ आणि ‘कुर्यात् सदा मंगलम्’ यांची लगावली एकच आहे, गागाल गागाल गा, आजवर प्रत्येक लग्नात ती तिच्या कानावर पडलीये. बाकीच्या तीन ओळी मात्र तिनं मला हात लावू दिला नाही. त्यातल्या दुसरीत बावीस अक्षरं होती, लग्नात ती तिनं एका दमात कोंबली, आणि अक्षता मात्र वेळेवर पडल्या.